डग्ग्याचं दुसरं लग्न

आमच्या सिंदीच्या मावसाजींनी उभ्या जन्मात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की लोकांना सोन्याचाही नसेल. ते गरीब होते म्हणावं तर तसंही नव्हतं. एका अडत्याकडे ते कापसाचे पारखी होते आणि हंगामात सिंदीच्या बाजारात त्यांच्या शब्दावर भाव ठरत. शेतकऱ्याची कापसाने भरलेली बैलबंडी येऊन उभी राहिली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकून पाहत नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढायचा, डोळे मिटायचे आणि 'वरचा', 'मधला' किंवा 'खालचा' एवढा एकच शब्द उच्चारायचा. हीच चिमूट ते घरी भाकरीला लावत, दुकानात धोतराला लावत, आणि एकदा तर मावशीचं स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाच्या उपरण्यालाही त्यांनी लावली होती म्हणे. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यांचा कायदा ठरलेला होता. माल मधला हवा आणि तो कोणाच्या तरी हाताखालून गेलेला हवा. "नव्या वस्तूचा सोभाव कोनाले माहीत रायते?" ते म्हणत. "जुनी वस्तू आपले सारे अवगुन दाखवून बसलेली असते."

त्यांची सायकल केळझरच्या एका पोस्टमनची होती, छत्री आंजीच्या एका मास्तरांची, आणि चष्मा आठवडी बाजारातल्या एका टोपलीतला. ती टोपली मांडीवर घेऊन त्यांनी सगळे चष्मे एकामागून एक डोळ्यांना लावले होते आणि समोरच्या कांदेवाल्याचे कांदे मोजता येतील तो चष्मा पसंत केला होता. जोडे दुसऱ्याने वर्षभर वापरलेलेच घ्यावेत, कारण "चावाचं तेवढं ते त्याले चावून बसले." पंचांगसुद्धा ते गेल्या वर्षीचं घेत. त्यात लिहिलेलं सारं होऊन गेलेलं असल्यामुळे आता भ्यायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशी बिचारी एकादशी कधी आहे ते शेजारी विचारून येई.

बरं, वस्तू घेतली म्हणजे संबंध संपला असंही नव्हतं. ज्या घरातून ती आली ते घर म्हणजे तिचं माहेर, आणि माहेर तोडायचं नसतं. केळझरच्या गणपतीला ते दरवर्षी जात, पण देवदर्शनाआधी सायकल पोस्टमनच्या भिंतीला टेकायची. एका वर्षी मीही बरोबर होते. पोस्टमन बाहेर आले, सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "बरी हाय ना?"

"बरी हाय," मावसाजी म्हणाले. "चढावर चेन तेवढी उतरते."

"ते इथं होती तवापासूनच हाय," पोस्टमन म्हणाले. दोघांनीही समाधानाने मान हलवली आणि मग चहा झाला.

नवे पैसे चालू झाले त्या वर्षी तर मावसाजींचे फार हाल झाले. त्या कोऱ्या चकचकीत नाण्यांना ते हात लावेनात. दुकानदाराने मोड म्हणून नवे पैसे पुढे केले की ते म्हणत, "थोडे दिवस तुमच्याजवळच राहू द्या, घासले का मंग देजो." आणि गल्ल्यातल्या झिजलेल्या आण्यांची मागणी करत.

कोणी त्यांची या खोडीवरून थट्टा केली तर मावसाजी स्वतःच्याच छातीला बोट लावत. ते बिजवर होते. पहिली बायको तापाने गेली आणि दोन वर्षांनी त्यांनी माझ्या मावशीशी लग्न केलं. त्या काळी बिजवर हा शब्द लोक हलक्या आवाजात उच्चारत, पण मावसाजी चारचौघांत सांगत, "मीच सेकनहँड हावो. तुमच्या मावशीनं बी वापरलेलंच पसंत केलं, अन् तेही मधल्या मालातलं." सगळे हसत, मावशीही हसे आणि कप उचलून आत जाई. तिच्या मागोमाग आत गेलं की मला दिसायचं ते एवढंच, की त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आधीच्या बाईंचं नाव घातलेलं होतं. पाण्याच्या गडव्यावर, परातीवर, अगदी पळीच्या दांड्यावरसुद्धा. मावशीने बारा वर्षं ती नावं चिंचेने घासून लखलखीत ठेवली. तिने याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही, याची मला आता लाज वाटते.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे भजन असे. मावसाजी तबला वाजवत, शेजारचे एक काका पेटी धरत आणि मावशी म्हणे. मावसाजींचा हात फार गोड होता. मावशीच्या आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की गळा बारीक आहे, वर गेला की ताणतो आणि कडव्याच्या शेवटी श्वास पुरत नाही. मलाही तसंच वाटे. मावसाजी कौतुकाने म्हणत, "आवाज मधला हाय, पन भाव वरचा हाय." त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

एका वैशाखात, भर दुपारी, खुंटीजवळ ठेवलेल्या त्या तबल्याचं लाकूड तडकलं. वरच्या काठापासून बुडापर्यंत चीर गेली. डाव्या हाताचा तांब्याचा डग्गा शाबूत राहिला, उजव्या हाताचा तबला गेला. तिसऱ्या दिवशी मी वर्ध्याहून, जिथे मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, भेटायला आले, तर त्यांनी डग्ग्याकडे बोट दाखवलं. "डग्गा बिजवर झाला, बाई. आता त्याच्यासाठी दुसरं स्थळ पाहा लागते."

त्या दिवशी मावशीने मला मागच्या अंगणात बोलावलं. हातातल्या सुपाकडे पाहत ती म्हणाली, "तुह्या मावसाजीले सांगून पाय. एवढा तबला तरी नवा घ्या म्हना. या घरात जे आलं ते कोनाचं ना कोनाचं होऊनच आलं. एकतरी वस्तू पह्यल्यांदा माह्यासाठी आलेली असावी." बारा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तिला शब्द दिला.

पण मावसाजींपुढे शब्द टाकायचा म्हणजे आधी त्यांचं व्याख्यान ऐकायचं. नवा तबला बोलत नाही, ओरडतो. त्याचं लाकूड ओलं असतं, पुडी म्हणजे वरचं कातडं ताठ असतं, दर घटकेला सुरातून उतरतो, आणि रुळायला लागतात दोन वर्षं. "तेवढ्यात मी मेलो तं?" त्यांनी मला विचारलं. शिवाय आंजीला कीर्तनात साथ करणाऱ्या एका म्हाताऱ्या बुवांचे हात आता कापू लागले होते आणि त्यांना आपला तबला चांगल्या घरी द्यायचा होता. मावसाजी सायकलवर तिथे जाऊन आले, दोन तास वाजवून आले, आणि तबला आठ दिवस पारखायला म्हणून जुन्या धोतरात गुंडाळून घेऊनही आले. खरं सांगायचं तर त्याचा नाद इतका गोल होता की मलाही वकिली करणं जड जाऊ लागलं. मावशीने तो तबला पाहिला, "बरा हाय" म्हणाली आणि त्याच्यासाठी गादी शिवायला बसली.

वर्ध्याच्या बाजारात तबले मढवणारे एक म्हातारे कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. जोड पक्की करण्याआधी आंजीचा तबला त्यांच्या नजरेखालून घालायचं ठरलं. मावशीला माझ्याकडे यायचंच होतं, म्हणून तीही आली. चाचांच्या लहानशा दुकानात मावसाजी आणि मी आत बसलो, मावशी पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्याशी टेकली. चाचांनी तबला फिरवून पाहिला, काठावर दोनदा बोट मारलं आणि म्हणाले, "माल पक्का है भाऊ. पट्टी कोनती लागते?"

"काळी पाच," मावसाजी म्हणाले, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, चांगली चढ्या सुराची.

"गानार कोन?"

मावसाजींनी मावशीकडे मान वळवली.

"मंग यायलेच इचारा नं."

"त्यात इचारायचं काय? आमच्या घरी पह्यलेपासून काळी पाचच हाय."

चाचांसमोर एक नवा तबला तयार होत होता, चांगला रुंद तोंडाचा, तो त्यांनी पुढे ओढला आणि हातोडीने ठोकत, बोटाने वाजवत सुरात लावू लागले. एकच स्वर पुन्हा पुन्हा घुमत होता. उंबऱ्याशी बसलेली मावशी रस्त्याकडे पाहत होती, आणि पाहता पाहता ती त्या स्वरात गुणगुणू लागली, घरी तांदूळ निवडताना गुणगुणावं तसं. मी दचकून मागे पाहिलं, कारण मला वाटलं दुसरीच कोणी बाई आली आहे. तो आवाज खालचा होता, भरलेला होता, आणि त्याला श्वास कुठेच कमी पडत नव्हता. चाचांनी बोट थांबवलं नाही. खाली पाहतच ते म्हणाले, "ये काळी तीन है. बाईचा आवाज इथं रायते."

"घरी तं हे असं गात नाई," मावसाजी म्हणाले.

मावशी एकदम गप्प झाली, चोरी पकडल्यासारखी. मग म्हणाली, "घरचा तबला वरच्या पट्टीचा होता. लहान तोंडाचा. उतरवला का पुडी ढिली पडे, नाद बसून जाये. मंग मलेच वर चढा लागे."

"बारा वर्सं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

मावशीने पिशवीचे बंद सारखे केले. "तो त्यायच्या गळ्याचा तबला होता," ती म्हणाली. "तुमचा हात त्याच्यावर बसला होता. तो जम मोडावासा नाई वाटला."

त्यायच्या म्हणजे आधीच्या बाईंच्या, हे सांगायला नको होतं. मावसाजी आंजीच्या तबल्याकडे पाहत बसले. तोही लहान तोंडाचा होता, तोही काळी पाचचा. सुंदर, रुळलेला, मधल्या भावाचा, त्यांच्या सगळ्या नियमांत बसणारा तबला. तो घेतला असता तर गुरुवारचं भजन होतं तसंच चालू राहिलं असतं आणि मावशीनेही काही म्हटलं नसतं. मावसाजींनी तो बाजूला ठेवला, नवा तबला मांडीवर घेतला आणि सवयीने डोळे मिटून पुडीच्या काठाला चिमूट लावली. कातडं ताठ होतं. त्यांनी बोट मारलं, तर आवाज कर्कश आला. चाचा त्यांना ओळखून होते. त्यांनी विचारलं, "कोनता माल, भाऊ?"

मावसाजींनी पुन्हा एकदा बोट मारून पाहिलं. मग डोळे उघडून म्हणाले, "हा मले समजत नाई. बांधून द्या."

आंजीच्या बुवांचा तबला त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः परत नेला आणि येताना कानकोंडे होऊन आले. पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम सिंदीला गेले. नवा तबला मावसाजी म्हणाले होते तसाच निघाला. दहा मिनिटांत उतरला, त्यांनी ठोकून चढवला, पुन्हा उतरला. पेटीवाले काका काळी तीनवर बोट ठेवून हैराण झाले. पण मावशी म्हणू लागली आणि पलीकडच्या घरातल्या बाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या, पाहुणं कोण आलं ते पाहायला. ती डोळे मिटून म्हणत होती. दुसऱ्या कडव्यावर माझ्या लक्षात आलं की तबला वाजायचा थांबला आहे. मावसाजींचे हात पुडीवर नुसते ठेवलेले होते.

मावशीने डोळे उघडले. "वाजवा नं."

"वाजवतो," मावसाजी म्हणाले. "थोडं आयकू दे. बारा वर्सं म्या तुह्याच संगं वाजवलं, अन् तुले आयकलंच नाई."

त्यांच्या चष्म्यामागचं पाणी त्यांनी पुसलं नाही. काकांनी पेटीचा भाता तसाच चालू ठेवला आणि मावशीने ते कडवं पहिल्यापासून पुन्हा घेतलं.

त्यानंतर मावसाजी आणखी नऊ-दहा वर्षं जगले. तबला रुळायला खरंच दोन वर्षं लागली, आणि ती दोन्ही वर्षं ते त्याच्यावर चिडत राहिले, त्याला शिव्या देत राहिले, आणि कोणी उसना मागितला तर आजारी माणसाला बाहेर नेऊ नये अशा सबबी सांगत राहिले. बाकी त्यांच्या घरात नवं काही आलं नाही. शेवटच्या दुखण्यातही औषधाची बाटली ते शेजाऱ्यांकडून वापरलेली मागवून घेत. मला अजून त्यांची आठवण आली की आधी हसू येतं, आणि मग त्या गुरुवारचं कडवं आठवतं.

परवा मी सिंदीला गेले होते तेव्हा एक भजनी गृहस्थ आले होते. मावशी आता थकली आहे, पण आवाज अजून खाली आणि भरलेलाच आहे. गृहस्थांनी कोपऱ्यातल्या तबल्याच्या खोळीकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे जुना तबला पडून हाय म्हनतात. आमच्या मंडळाले दिला असता तं बरं झालं असतं."

"जुना नाई, भाऊ," मावशी म्हणाली. "तो नवा हाय."

आणि चहा ठेवायला ती आत गेली.