बॅच नंबर नसलेली वाटी

दिघीच्या अर्जुनरावांनी एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं, आणि तेवढ्या काळात मुदत उलटलेला एक रबरी वायसरसुद्धा त्यांच्या हातून लाइनवर गेला नाही. रबराला मुदत असते, रंगाला असते, गोंदाला असते. हे बहुतेक लोकांना ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. अर्जुनरावांचं अडायचं. निरोप समारंभात मॅनेजरसाहेब 'आमचा परिवार' या शब्दांपाशी गहिवरले, तेव्हा सत्कारमूर्ती पेढ्यांचा बॉक्स उलटा करून तारीख वाचत होते.

मार्चअखेर ते रिटायर झाले. दोन दिवस टीव्ही पाहिला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरले, आणि तिथून घराची साडेसाती सुरू झाली.

रिटायर होऊन येताना त्यांनी स्टोअरमधून स्टिकरचे दोन रोल आणले होते, एक लाल, एक पिवळा. लाल म्हणजे भंगार. पिवळा म्हणजे तपासणी बाकी. घरी आल्यावर पिवळ्या रोलचं प्लास्टिकही त्यांनी फोडलं नाही. लाल मात्र भराभर संपू लागला. रव्याची मुदत चार दिवसांपूर्वी गेलेली, लाल. शेवया, चहाचा मसाला, अर्धी जॅमची बाटली, सुनेनं हौसेनं आणलेलं चीज, सगळं लाल. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं नाही, तो फळीवरच्या डब्यांना शिस्त लावत होता.

"अवो, रव्यात किडा न्हाई, जाळी न्हाई, वास न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "झालंय काय त्याला?"

"मुदत संपलीय."

"मंग रात्री बाराला भूत शिरलं का त्यात?"

सून साधनानं चष्मा लावून पाकीट वाचलं. "बाबा, हे 'बेस्ट बिफोर' आहे. म्हणजे त्यानंतर चव जरा उतरेल, एवढंच. 'एक्स्पायरी' लिहिलेलं असेल तर नाही खायचं. दोन्ही वेगळं असतं."

"तारीख ती तारीख," अर्जुनराव म्हणाले आणि पाकीट बादलीत गेलं.

सोजराबाई नाणे मावळातल्या. तांदूळ वर्षभर मुरल्याशिवाय त्याला भात म्हणायचं नाही, अशा घरातल्या. वाद घालून उपयोग नाही हे ओळखून त्यांनी माल लपवायला सुरुवात केली. पापड गादीखाली गेले. शेवया वॉशिंग मशीनमध्ये गेल्या, आणि मुलगा रणजीत त्या आठवड्यात शर्टाच्या खिशातून शेवया झटकत शिफ्टला गेला.

घंटागाडीवरच्या शालनबाईंना आधी नवल वाटलं, मग संशय आला. "काका, तुमच्यात लगीन हाय का काय? रोज दोन बादल्या ओला कचरा! अख्ख्या गल्लीचा मिळून एवढा निघत न्हाई."

खरं सांगायचं तर माणूस भ्याला होता. सकाळी सहाला कंपनीची बस चौकातून त्यांच्यावाचून निघून जायची आणि तिला काही फरक पडायचा नाही. घरात रणजीतला काम होतं, साधनाला होतं, सोजराबाईंना तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हातात लाल रोल असेपर्यंत आपणही कशाचे तरी इन्चार्ज आहोत, एवढंच त्यांना वाटत होतं. पण एखाद्याच्या भीतीपायी किती रवा फेकायचा, यालाही काही सुमार असतो.

मे महिन्यात सोजराबाई भाच्याच्या साखरपुड्याला दोन दिवस माहेरी गेल्या. अर्जुनरावांनी फ्रिजचं ऑडिट काढलं. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे, स्टीलची एक पोचे आलेली वाटी सापडली. वर झाकण, आत चमचाभर दही. तारीख नाही, बॅच नंबर नाही, कधी आलं, कुठून आलं, काही पत्ता नाही. असला माल स्टोअरमध्ये आला असता तर त्यांनी ट्रक फाटकातून परत पाठवला असता. घरी विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी वाटी ओल्या कचऱ्याच्या बादलीत ओतली, घासली आणि तिच्या जागी दुकानातली दह्याची पिशवी ठेवली. ठळक तारीख, ठळक बॅच. त्यांना फार बरं वाटलं.

परत आल्यावर सोजराबाईंनी पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि रात्रीच्या दुधाला विरजण लावायला फ्रिज उघडला. कोथिंबीर बाजूला केली. मग ओट्यावर पालथी घातलेली चकचकीत वाटी त्यांना दिसली.

त्या ओरडल्या असत्या तर अर्जुनरावांना बरं झालं असतं. त्या पाटावर बसल्या.

"आईचं विरजण व्हतं ते," त्या म्हणाल्या. "लग्नात वाटीत घालून दिलंतं. ती वाटी मांडीवर धरून आले मी ह्या घरात. अडतीस वर्सं रोज रात्री लावलं. बाळंतपणात जाऊबाईंकडनं लावून घेतलं, पण मोडू दिलं न्हाई. आईचा फोटो न्हाई माझ्याकडं. लुगडं व्हतं, ते इरलं. रोज हात लावावा असं तिचं तेवढंच राहिलं व्हतं."

अर्जुनराव म्हणाले, "अगं, पण त्यावर तारीख..."

"तुमच्या कंपनीत तारीख गेली की लगीच फेकत व्हता का?"

इथं गडी फसला. खोटं बोलायची सवय नव्हती. "न्हाई," ते म्हणाले. "पिवळं स्टिकर लावून क्वालिटीवाल्यांकडं पाठवायचो. ते तपासायचे. माल चांगला निघाला तर मुदत वाढवून द्यायचे."

"मंग ह्या घरात क्वालिटीवालं कोण हाय? अडतीस वर्सं नाक कुणाचं चालतंय इथं? मला इचारलं का एकदा तरी?"

साधनानं पिठल्यात जास्तीचं पाणी घातलं आणि ढवळत राहिली, कारण त्या घडीला स्वयंपाकघरात दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

सोजराबाईंनी रहाटणीला मुलीला, विजयश्रीला फोन लावला. तिला लग्नात तेच विरजण दिलं होतं. "आई, आम्ही आता दह्याचा विकतचा डबाच आणतो गं," ती म्हणाली. फोन ठेवला. पिशवीतल्या दह्याचं विरजण लावून पाहिलं, तर सकाळी भांड्यात तार सुटलेला चिकट पातळ प्रकार. त्या दिवशी घरात ताक झालं नाही. सोजराबाई कामापुरतं बोलत होत्या, आणि अर्जुनरावांपाशी त्यांचं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटागाडीत त्यांची बादली जवळजवळ रिकामीच आली.

"काका, आजारी हायसा का?" शालनबाईंनी विचारलं.

घंटागाडीचं गाणं कर्ण्यातून केकाटत होतं. त्या गोंगाटात, कचऱ्याच्या गाडीमागे उभं राहून, अर्जुनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक दुसऱ्याला सविस्तर सांगितली. शालनबाई ऐकता ऐकता हातमोजा काढून उभ्या राहिल्या.

"ते इरजण? माझ्याकडं हाय की! दोन उन्हाळ्यामागं सोजराआत्यांनी मला ताक दिलं, मी म्हणलं लई ग्वाड हाय, तर कंपाउंडच्या भिंतीवरनं चमचाभर इरजण दिलं. रोज लावते मी. त्यांच्या ध्यानातबी नसंल."

अर्जुनरावांनी बादली खाली ठेवली. "संध्याकाळी येतो. तुमच्या घरी येतो न्यायला."

"दिवं लागल्यावर इरजण द्यायचं-घ्यायचं न्हाई म्हणत्यात. आमी न्हाई मानत तसलं काय, पण आत्या मानत्यात. त्यांनी हात लावला न्हाई, तर काय उपेग? सकाळी मीच आणते."

सकाळी अर्जुनराव गाणं ऐकू येण्याआधीच घासलेली वाटी घेऊन फाटकात उभे होते. गाडी आली. ड्रायव्हरच्या शेजारी खुंटीला, कचऱ्यापासून लांब, पिशवीत एक छोटा डबा टांगलेला होता. जे घंटागाडीतून गेलं, ते घंटागाडीतूनच परत आलं. पावती नाही, बॅच नाही, तारीख नाही. अर्जुनरावांनी दोन्ही हातांनी वाटी पुढे केली आणि तो माल उतरवून घेतला.

शालनबाईंना हाताला धरून त्यांनी आत आणलं. सोजराबाईंनी वाटी नाकाजवळ नेली. मग करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं. अर्जुनराव ओट्याशी उभे होते. एकतीस वर्षांत क्वालिटीच्या दारात ते इतके घाबरले नव्हते.

"हाय," सोजराबाई म्हणाल्या. "आईचंच हाय." आणि मग त्या रडल्या. शालनबाईंना बसवून त्यांच्यापुढं आधी चहा ठेवला, मग डोळे पुसले.

"तुमचं ते स्टिकर आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

आता रोल बादलीत जाणार, असं समजून त्यांनी लाल रोल पुढे केला.

"ह्यो न्हाई. दुसरा."

पिवळ्या रोलचं प्लास्टिक पहिल्यांदा फुटलं. अर्जुनरावांनी वाटीवर स्टिकर लावलं, खिशातलं पेन काढलं आणि सवयीनं विचारलं, "तारीख काय टाकू?"

"उद्याची."

"आणि उद्या?"

"उद्या रात्री तुमी दूध कोमट करायचं, इरजण लावायचं, आन् परवाची टाकायची," सोजराबाई म्हणाल्या. "माझ्यामागंबी."

अर्जुनरावांनी उद्याची तारीख घातली आणि खाली सही केली.