आगटीपाशी

दर हिवाळ्यात मुलगा मला हुरड्याला वावरात नेतो आणि माझी चाकाची खुर्ची धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच उभी करतो, कारण काळ्या मातीत चाकं रुततात. बाकीचे आगटीभोवती बसून गरम कणसं चोळतात. सून मला हुरडा ताटलीत आणून देते, तोवर तो निवलेला असतो.

यंदा मी म्हटलं, "मले खाली आगटीपाशी बसव."

"माय, मंग तुले उचलन कोन? माही कंबर गेली."

"हुरडा खाय, जोर येते."

कुरकुरत त्यानं उचलून नेलं. माझे पाय गेले, हात शाबूत आहेत. चटके सोसत मी कणसं चोळली, सगळ्यांना हुरडा वाढला. घरी येईपर्यंत अंग ठणकत होतं. त्याचं काही नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हेच सांगावं लागेल, त्याचा मात्र आताच कंटाळा आला आहे.