जनावरांचा हरभरा

ओला रुमाल हरभऱ्यावर चोळला आणि रुमाल गुलाबी झाला. पुन्हा चोळला. आणखी गुलाबी झाला.

मी अन्नसुरक्षा अधिकारी. देगलूरजवळ, तेलंगणातून येणाऱ्या रस्त्यावर पोलिसांच्या नाकाबंदीत आम्ही खरं तर गुटखा शोधत होतो. पोत्यांखाली गुटख्याचे बॉक्स लपवून आणतात, म्हणून या ट्रकची पोती उतरवली. गुटखा निघालाच नाही. पोत्यांच्या शिवणीवर मात्र गुलाबी डाग होते.

माझे सहायक गफारभाई यांनी एक दाणा बोटांत फिरवला. "मॅडम, ये खाने का चना नै. बीज है. दवा लगाया हुआ."

पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून कंपन्या विषारी औषध लावतात. ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात मुद्दाम भडक रंग घालतात. पिशवीवर धोक्याचं चिन्ह छापतात. बी जुनं झालं, उगवेनासं झालं, की ते नष्ट करायचं असतं. इथे तेच बी साध्या पोत्यांत भरून राज्याची हद्द ओलांडत होतं.

ड्रायव्हरला काहीच वाटलं नाही. "जनावराचं हाय मॅडम. बिल बघा की."

बिलावर लिहिलं होतं: पशुखाद्य. माल चालला होता उदगीरजवळच्या एका डाळमिलला.

मी नांदेडला साहेबांना फोन लावला.

"बिलावर काय आहे?"

"पशुखाद्य."

"मग आपल्या कायद्यात ते अन्न नाही. जप्त केलंत तर कोर्टात आपल्यालाच झापतील."

"सर, विष आहे ते!"

"ओरडू नका. कृषी खात्याला विचारा."

कृषी खात्यातल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "बियाणं म्हणून विकत नाहीत ना? मग आमच्या कायद्यात ते बियाणं नाही."

मी ट्रकला हात लावून उभी होते. माझ्या तळव्याखाली ट्रकभर विष होतं, आणि दोन सरकारी खाती सांगत होती की ते कुणाचंच नाही. कायद्याची पुस्तकं मी रात्रंदिवस वाचलेली. या फटीतून एवढा मोठा ट्रक जातो हे एकाही पानावर नव्हतं.

साहेबांचा परत फोन आला. "ऐका. ते माणसाचं अन्न होईल तेव्हा आपलं. तिथं हजर राहा. उदगीर आपल्या हद्दीत नाही, लातूर ऑफिसशी मी बोलतो."

"म्हणजे गाडी सोडू?"

"सोडा."

सोडली. आयुष्यात इतकं जड काम केलं नाही.

अडचण साधी होती. पोत्यात आहे तोवर ते पशुखाद्य. धुऊन, वाळवून, दळून बेसन झालं की रंग गेलेला, वर चांगल्या हरभऱ्याचं पीठ मिसळलेलं. प्रयोगशाळा त्यातही औषध शोधते, पण अहवाल येईपर्यंत बेसनाची भजी होऊन संपतात. मधेच कुठेतरी पकडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरचे अधिकारी, मी आणि गफारभाई दोन पंचांना घेऊन मिलमध्ये शिरलो. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्यातलं पाणी सरबतासारखं लाल. हौदाकाठी चार बायका उघड्या हातांनी हरभरा चोळत बसलेल्या. कोपरापर्यंत गुलाबी हात.

मिलमालक राजूशेठ धावत आला. "मॅडम, तुमी उगं गैरसमज करून राहिलात. पशुखाद्यच हाय हे. धुऊन देतो जनावराला."

"आणि ती बेसनाची पाकिटं?"

"ती दुसऱ्या हरभऱ्याची. एक नंबर माल."

लातूरच्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नमुने घेता येत होते, पण या हौदापासून त्या पाकिटापर्यंतची वाट सिद्ध करायला काही नव्हतं. शेठला ते ठाऊक होतं. त्याने चहा सांगितला. मी नको म्हटलं. त्याने तरी सांगितला.

तेवढ्यात बायकांची जेवायची सुट्टी झाली. त्यांनी हौदावरच हात खळबळले आणि डब्यांची फडकी सोडली. भाकरी आणि पिठलं. मी जवळ गेले. माझ्याच्याने राहवेना.

"मावशी, बेसन कुठलं हे?"

"इथलंच की," त्यांच्यातल्या शेवंताबाई म्हणाल्या. वयाने माझ्या आईएवढ्या. "चक्कीखाली सांडतंय ते शेठ दर शनिवारी वाटून देतेत. लई दिलदार माणूस हाय. बसा, खाता का घासभर?"

गफारभाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातली भाकरी धरली. "मावशी, रुको. मत खाओ."

"का वो? काय झालं?"

राजूशेठ मागून ओरडला. "ए शेवंता! ते खायला दिलं व्हतं का तुला? जनावराला घालायला दिलं व्हतं!"

शेवंताबाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. रागाने नाही. नुसत्या कोड्यात पडल्यासारख्या.

"शेठ, माज्याकडं कुटं जनावर हाय?"

मिलमध्ये चक्की एकच होती, पाकिटांचं बेसनही तिच्यातूनच निघायचं. या हौदातला हरभरा त्याच चक्कीत दळला जातो, आणि ते पीठ माणसाने खाऊ नये हे आपल्याला माहीत आहे, दोन्ही गोष्टी शेठने पंचांसमोर स्वतःच सांगितल्या होत्या. लातूरचे अधिकारी जबाब लिहायला बसले. आम्ही हौदातला हरभरा, चक्कीतलं पीठ, पाकिटं आणि शेवंताबाईंच्या डब्यातलं पिठलंसुद्धा नमुना म्हणून सील केलं.

चारही बायकांना आम्ही उदगीरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीपमध्ये शेवंताबाई एकदाच बोलल्या. "नातू रोज खातो माजा. पिठल्याबिगर जेवत न्हाई."

नातवालाही आणवलं. डॉक्टरांनी तपासलं. आज काही दिसत नाही, म्हणाले. उद्याचं विचारलं तेव्हा ते फक्त चिठ्ठी लिहीत राहिले.

अहवालात चारही नमुने असुरक्षित ठरले. मिलचा परवाना निलंबित झाला, खटला चालू आहे. त्याआधी किती बेसन कुठल्या गावांत गेलं, कुणीही सांगू शकत नाही. मिल बंद झाल्यावर शेवंताबाईंनी मला फोन केला. "मॅडम, आता आमच्या कामाचं काय?" त्यासाठी माझ्याकडे कलम नव्हतं.

आता देगलूरला पशुखाद्याची गाडी अडवली की मी बिल नंतर बघते. आधी माल घेणाऱ्याचा नंबर मागते आणि त्याला विचारते, तुमच्याकडे जनावरं किती? बहुतेक लोक हसतात आणि आकडा सांगतात. परवा एकाने फोन ठेवून दिला. मग ड्रायव्हरला त्याचा फोन आला. ड्रायव्हरने "हाव, हाव" केलं, गाडी वळवली आणि आला त्या रस्त्याने निघून गेला. मला ती अडवता आली नाही. कागदावर ते पशुखाद्य होतं.

देगलूरला येणारे रस्ते पुष्कळ आहेत. आमची जीप एक.