आलीस

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीला एक रशियन डॉक्टरबाई आहेत. मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. स्लाइड बघताना त्या श्वाससुद्धा रोखून धरतात. आमच्या रिपोर्टातले स्वल्पविराम दुरुस्त करतात, सही ठोकतात आणि अरबीत "खलास!" म्हणून खुर्चीत मागे रेलतात. स्वल्पविरामांवरून आमची रोज वादावादी होते.

त्या कविताही लिहितात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. "तुझ्या भाषेत ही कशी वाटेल?" म्हणत त्यांनी एका कवितेचं इंग्रजी भाषांतर पुढे सरकवलं. मी तिथल्या तिथे मराठीत लिहून वाचून दाखवलं, "तू आलास, आणि मी दार लावायला विसरले."

"तुमच्या क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळतं?"

"कळतं ना. 'आलास' म्हणजे पुरुष."

"रशियनमध्येही कळतं. इंग्रजीत तेवढं लपतं." त्या चष्मा पुसायला लागल्या. "तिकडे मी हे माझ्या नावानिशी छापलंय. इथे कुणाला बोलले नाही. तो पुरुष नाहीये."

मी एरवी फटकळ. त्यांची नोकरी, इथे राहायचा परवाना म्हणजे इकामा, सगळं आता माझ्या तोंडावर अवलंबून होतं. मी उठून दाराकडे निघाले, तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला.

लॅबचं दार मी नीट लावून घेतलं. परत येऊन बसले, 'आलास' खोडलं आणि पुन्हा वाचलं, "तू आलीस, आणि मी दार लावायला विसरले."

"खलास," त्या हळूच म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या.