अण्णांना टेन्शन द्यायचं नाही

काही घरांत भांडी साठतात, काही घरांत जुनी औषधं. आमच्या घरात बोर्डीच्या ट्रिपचे किस्से साठलेत. चार माणसं जेवायला बसली की कोणीतरी तो विषय काढतंच, आणि मग हात वाळले तरी कोणी उठत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा केली असेल यांनी! मजा कसली, सगळे जीव मुठीत धरून होतो. पण घाबरलेल्या माणसाच्या हातून चुका फार होतात, आणि चुका झाल्या की किस्से आपोआप होतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मखमलाबादला आमची फुलशेती, आणि नाशकात फूलबाजारात हारांचं दुकान. शेती माझे वडील, म्हणजे अण्णा बघायचे. दुकान आणि टेम्पो बाळूकाका. त्या दसऱ्याच्या गर्दीत अण्णा झेंडूच्या ढिगावरच छातीला हात लावून खाली बसले. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पुढे जरा हवापालट करा, आणि मुख्य म्हणजे यांना टेन्शन देऊ नका.

हे आईने इतकं मनावर घेतलं की आम्हालाच टेन्शन आलं. थंडी सरल्यावर आमच्याच टेम्पोतून समुद्रावर, बोर्डीला जायचं ठरलं. ट्रिपमध्ये काही चुकायचं नाही, आणि चुकलंच तर अण्णांना कळायचं नाही. काकूने आम्हा पोरींना दम दिला, काहीही होवो, हसत राहायचं. मी कॉलेजात होते, दोघी चुलत बहिणी शाळेत. आम्ही तिघी निघाल्यापासून दात काढून बसलो होतो.

*

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली होती. ती हरवली तर काय, म्हणून आईने प्रत्येकाकडे एकेक पट्टी दिली. काकाच्या खिशात, काकूच्या बटव्यात, आमच्या पर्समध्ये.

त्र्यंबकच्या पुढे झाडाखाली जेवायला थांबलो. ठेच्यातली मिरची लागून अण्णांना ठसका लागला. ते बोलू शकेनात, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका क्षणात सगळ्यांचे हात गोळ्या घेऊन त्यांच्या तोंडासमोर!

अण्णांनी पाणी प्यायलं, सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, जीभ एकच हाय मला."

सगळे हसले. आई हसली नाही. तिने गोळी परत पट्टीत घालायचा प्रयत्न केला, ती गवतात पडली, तर गवत चाचपत बसली.

*

फूलबाजारातली पद्धत अशी, की माल भरून झाला की मागचा माणूस टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारतो आणि ड्रायव्हर मागे न बघता निघतो. बाळूकाकाच्या हाडात ही सवय मुरलेली.

मोखाड्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. अण्णा आईला आणि काकाला म्हणाले, मी आता मागे गादीवर आडवा होतो, आणि टपरीमागे हात धुवायला गेले. आईला घाटात मळमळतं, म्हणून ती पुढे बसली. आम्ही मागे चढलो. पत्र्यावर मुंगळे होते, माझ्या बहिणीने चपलेने दोन मारले. टेम्पो निघाला.

पुढच्यांना वाटलं अण्णा मागे, मागच्यांना वाटलं अण्णा सकाळपासून बसले तसे पुढेच. बराच घाट उतरल्यावर आईने मागच्या खिडकीतून हळूच विचारलं, "झोपले का?"

काकू म्हणाली, "कोण?"

काकाने तिथेच टेम्पो वळवला. तेव्हा मोबाईल कुठले! एकटा माणूस, ताजं दुखणं, वर ऊन, आणि गोळ्या सगळ्या आमच्याकडे. मला आजही त्या रस्त्याचं प्रत्येक वळण आठवतं. आई खिडकीचा दांडा धरून बसली होती आणि ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी.

अण्णा टपरीवर बाकड्यावर बसून कांदाभजी खात होते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही धावत गेलो तर म्हणाले, "लय लवकर आले. दुसरी प्लेट सांगितली व्हती."

*

बोर्डीला लॉजवाल्याने खालची खोली कबूल केली होती. गेलो तर खाली कोणाचं तरी वऱ्हाड उतरलेलं, आणि आमची खोली वर. अण्णांना जिने चढायची मनाई. काकाने लॉजवाल्याशी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने डोळे वटारले, कारण भांडण म्हणजे टेन्शन. काका गोड हसून म्हणाला, काही हरकत नाही, आम्ही अण्णांना खुर्चीवरून वर नेऊ.

अण्णा नको म्हणत होते, पण ऐकतो कोण? एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने लॉजचा वाढपी, मागून आम्ही. वरच्या पायरीवर खुर्ची टेकली आणि काका पांढराफटक पडून भिंतीला धरून खाली बसला. घामाने शर्ट ओला. काकू एवढं हसत राहायचं सांगणारी, तीच आधी रडायला लागली. मला वाटलं, झाले, एका घरात दोन झाले.

काकाला काही झालं नव्हतं. सकाळपासून धास्तीने त्याने अन्नाला हात लावला नव्हता, एवढंच. मी गुळाचा खडा घेऊन परत आले, तर काका पलंगावर आडवा आणि अण्णा शेजारी बसून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा झोपले. आई पाय न वाजवता गेली, नाकाखाली बोट धरलं, परत आली. थोड्या वेळाने काकू तेच करून आली. मग काका. मलाही राहवेना. मी वाकून बोट पुढे केलं, तर अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "चालू हाय. जा, समुद्र बघ."

मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं आणि ओक्साबोक्शी रडले. त्यानंतर दात काढून बसायचं आम्ही सोडून दिलं. कोणाला रडू येई, कोणी चिडे, काकू तर लॉजवाल्याशी दोनदा भांडून आली. अण्णांची तब्येत होती तशीच राहिली.

*

निघायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर एक फोटोग्राफर गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होता. घरच्या पत्त्यावर फोटो पाठवायचा. आम्ही त्याला ग्रुप फोटोसाठी बोलावलं, तर अण्णा म्हणाले, "आधी माझा एकट्याचा काढ. चांगला, समोरून."

ते असं का म्हणाले, हे कळलं नाही असं आमच्यात कोणी नव्हतं. ते सुरूच्या झाडाखाली ताठ बसले, टोपी सारखी केली. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, मोठा करून देऊ? बारा बाय पंधरा छान दिसेल भिंतीवर."

दुकानात रोज गिऱ्हाईक येतं, घरातल्या गेलेल्या माणसाच्या फोटोचं माप सांगतं, आणि काका हाराचं माप सांगतो. तोंडाला वळणच पडलेलं. तो झटक्यात म्हणाला, "बारा बाय पंधराला अडीच हात लागंल."

काकाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले, असे हसले, की टोपी वाळूत पडली.

आई मात्र चालत गेली आणि त्यांना खेटून बसली.

"मावशी, तुम्ही जरा बाजूला. साहेबांचा एकट्यांचा आहे."

"काढ," आई म्हणाली.

त्याने बटण दाबलं आणि त्याच वेळी वाऱ्याने आईचा पदर उडून अण्णांच्या अख्ख्या तोंडावर आला. फोटोग्राफर हळहळला. म्हणाला, "हा वाया गेला. साहेबांचा चेहराच दिसणार नाही. परत काढतो."

"परत नको. हाच दे."

"अहो, पण भिंतीवर लावता येणार नाही तो."

"हाच दे," आई म्हणाली, "आणि मोठा करून दे."