उंबऱ्यापुढची रेघ

ये गं, अशी जवळ सरक. समोर असतीस तर कान पिळला असता. रावेतला बसलीस म्हणून लिहून बोलणी देतेय. नव्या घराची चित्रं पाठवलीस, ती बघितली. स्वयंपाकघरातली फरशी दाराशी अर्धीच कापलेली. विचारलं तर म्हणतेस, "मावशी, सॉफ्टवेअरमध्ये तशीच येते, सरकत नाही." सरकत नाही म्हणून सोडून द्यायचं? आमचे दत्ताभाऊ असते तर तुला उठवून त्या दारातून चालायला लावलं असतं.

तू त्यांना पाहिलं नाहीस. चिंचवडला आमच्या समोरच्या दारात राहायचे. चाकणजवळच्या गावचे, शेतकऱ्याघरचे, पण उभा जन्म तिथल्याच एका कंपनीच्या तपासणी खात्यात गेला. कुणाकडे गेले की आधी खाली बघायचे, नमस्कार नंतर. आमच्या वास्तुशांतीला प्रसादाचा द्रोण हातात घेऊन म्हणाले, "ताई, तुमची फरशी खिडकीकडं पळतीया." मी घाबरून बघायला लागले. त्यांनी दोरी धरून दाखवलं, खरंच जराशी तिरकी होती. तेव्हापासून मला ती तिरकीच दिसते. त्याआधी सुखात होते मी.

ते निवृत्त झाले आणि सुमनवहिनींना पार्किन्सन्स निघाला. हात थरथरतो त्याचं काही नाही, पण चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. त्यातून बाथरूमच्या दारात तर हमखास. उंबऱ्याशी आल्या की खिळल्याच. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, वाटेवर आडव्या रेघा मारून बघा, रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो. भाऊंनी वहिनींचं पाऊल मोजून खडूनं रेघा ओढल्या आणि वहिनी चालल्या की! पण खडू रोज पुसला जायचा.

"चिकटपट्टी लावा," मी म्हटलं.

"लावली व्हती ना. कड सुटली, तिचं बोट अडाकलं."

मग ठरलं, पलंगापासून बाथरूमपर्यंत फरशीच बदलायची. फिकट फरशी, मधे काळ्या पट्ट्या. लगेच फोडाफोड करतील तर ते दत्ताभाऊ कसले! "ड्रॉइंग हातात आल्याबिगर ड्रिल लावायचं न्हाई," हे त्यांचं कंपनीतलं वाक्य. ते घरी भाजी चिरतानाही म्हणायचे. त्यांच्या मुलीनं दिलेल्या लॅपटॉपवर घर सजवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. त्यात खोली हुबेहूब उभी केली, पलंगाखालच्या चपलांसकट. पण फरशीचा फोटो टाकला की ते आपल्या मर्जीनं एका कोपऱ्यातून मांडायला लागायचं, आणि काळी रेघ नेमकी दाराच्या उंबऱ्याखाली जायची. भाऊंना ती उंबऱ्याच्या पुढे हवी होती, वहिनींची नजर पडेल तिथे. फोटो सरकवायची सोयच नाही.

"कॉम्प्युटर हाय का मेव्हणा? कोपरा सोडंना!"

वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "माझ्या भावाला कशाला मधी घेताय?"

मी पडले शिवणकामवाली. म्हटलं, चौकडीचं कापड जुळेना तर आम्ही कापड ताणत नाही, कातर पुढून लावतो. मग त्यांनी चित्रातली खोलीच भिंतीपलीकडे वाढवली, म्हणजे फरशी मागून सुरू होईल. रेघ जागेवर आली, पण भिंतीबरोबर पलंगही मागे गेला. मग फरशीचा फोटोच एका बाजूनं कापून दुसऱ्या बाजूला जोडला. दार जुळलं, पलंगाकडचं बिघडलं. शेवटी वाटेपुरती एक वेगळी पातळ फळी काढून ती चित्रातल्या जमिनीवर ठेवली आणि फरशी त्या फळीवर चढवली. फळी सरकवली की रेघ सरकते! "बसली!" असे ओरडले की वहिनी दचकल्या. "आता कोण बसली?"

काम सुरू झालं तसे दोघं आमच्याकडे राहायला आले. काळेवाडीच्या मिस्त्रीला चित्र छापून दिलं. एके दिवशी भाऊ वहिनींना दवाखान्यात दाखवून परत येतात तो काय, अख्खी वाट बाकीच्या जमिनीपेक्षा बोटभर वर!

"हे काय केलंस राव?"

"काका, तुमच्या चित्रातच वर हाय की. म्हणलं, काकूंना तशीच पायजे आसंल."

भाऊंनी खाली बसून त्या कडेवरून बोट फिरवलं. जिचा पाय उचलत नाही ती बाई त्या कडेला ठेचकाळून पडली असती. पण त्यांनी मिस्त्रीवर आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "त्यो बरुबर हाय, ताई. म्या कॉम्प्युटरला फसवलं, आन् ह्याला सांगितलंच न्हाई." मग मिस्त्रीला, "शिमिट वलं हाय तवर काढ सगळं."

दुसऱ्या खेपेला फरशी आधी नुसतीच मांडली, सिमेंटशिवाय. वहिनींना धरून आणलं. त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. रेघ अगदी चित्राबरहुकूम होती.

"लई लांब हाय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पावलानं मोजलं वाटतं?"

मोजलं होतं वहिनींच्याच पावलानं, पण खडूच्या वेळचं. चित्र जुळवण्यात पावसाळा सरला होता आणि तेवढ्यात वहिनींचं पाऊल आखडलं होतं. गुडघ्यावर बसून भाऊंनी काळी पट्टी अलीकडे घेतली. "आता?" "न्हाई." अजून जराशी. असं करत करत एकदाचा वहिनींचा पाय उचलला. मिस्त्रीनं तिथंच खूण केली.

चहा पिताना भाऊ म्हणाले, "चित्रात समदं घातलं म्या. चालणारी तेवढी घालायची ऱ्हायली."

उरलेल्या पट्ट्या त्यांनी पुढे मुख्य दारापर्यंत बसवून घेतल्या. गेल्या थंडीत छातीत कळ आली आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. वहिनी आहेत. मुलगी राहायला आलीय, पण ती दिवसभर कामावर असते. वहिनी आता दोन पट्ट्यांमध्ये दोन पावलं टाकतात, पण चालतात.

तर तू लवकर ये. तुझ्या दाराचं काय करायचं ते बसून बघू, पण आधी समोर जाऊन वहिनींना भेट. बेल एकदाच वाजव. दार उघडायला त्या स्वतः येतात. वेळ लागला तरी परत वाजवू नकोस, घाई केली की त्यांचा पाय अडतो.