कॅबिनेटच्या पाठीवरचं कुंकू

चहा होईपर्यंत ऐकून घ्या. माणूस शहाणपणाच्या भरात केवढा गाढवपणा करू शकतो, ते सांगते. आणि हो, गाढव मीच. उगाच इकडंतिकडं बघू नका.

दोन हजार तीन साल. मी मंचरला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी म्हणून आमच्या लोणीतल्या घरात कॉम्प्युटर आला. आला म्हणजे कसा? दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेम्पोत कांद्याच्या रिकाम्या गोण्या अंथरून, त्यांवर गादी टाकून आणला. दारात मोठी काकू भाकरतुकडा घेऊन तयारच! मी ओरडले, "काकू, नवरी नाही ती! करंटवर चालतं ते!"

काकू म्हणाली, "मंग नवरी कशावर चालती?"

असं आमचं घर. प्रत्येक गोष्टीला ओवाळायचं, प्रत्येक गोष्टीला नारळ. मला या मोठ्या माणसांचा असा काही वैताग यायचा की बास! म्हणून दसरा आला तसा मी आदल्या दिवशीच हुकूम काढला. "ट्रॅक्टर पुजा, विहिरीवरची मोटर पुजा, खुरपी पुजा, हवं तर मला पुजा. पण माझ्या कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही! हळद नाही, कुंकू नाही, अक्षता नाहीत. वॉरंटी जाईल!"

"वारंटी म्हंजी गं?" आत्यानं विचारलं.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. तिला बेल्ह्याकडं दिली होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती आमच्याकडं आली ती कायमचीच. आई दिवसभर शेतात, त्यामुळं माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं आत्याच्याच वाट्याला आलं. मी कॉम्प्युटरवर बसले की ती भिंतीला टेकून शेंगा फोडत बसायची. काही विचारायची नाही, नुसती बघायची.

"वॉरंटी म्हणजे, वस्तू बिघडली तर कंपनी फुकट बदलून देते. पण आपण काही उद्योग करून ठेवला तर नाही देत."

"लई चांगलं हाय की," आत्या म्हणाली. "माणसाला नसती व्हय असली?"

मी हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

दिवाळी झाली आणि कॉम्प्युटर घरघरायला लागला. त्याच्या पोटात मुठीएवढा एक पंखा असतो. आतला मुख्य भाग तापू नये म्हणून तो फिरत राहतो. तर हा पंखा पिठाच्या जुन्या गिरणीसारखा आवाज करायचा, दहा मिनिटं कसाबसा फिरायचा, मग थांबायचा, आणि सगळं यंत्रच बंद!

दादा म्हणाले, "बुश गेलं आसंल. दोन थेंब तेल सोडू का?"

"दादा, ही विहिरीवरची मोटर नाही!"

(मोटरच असते ती. लहान असते एवढंच. पण हे मला नंतर कळलं.)

कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा तो डबा, मांडीवर घेऊन मी एस.टी.नं मंचरला. कंडक्टर म्हणतो, "ताई, ह्याचं हाफ काढू का फुल?" मी त्याच्याकडं असं बघितलं की पुढं चांडोलीपर्यंत तो माझ्या बाजूला फिरकला नाही.

कॉम्प्युटर जिथून घेतला त्या दुकानाच्या मालकांनी, संतोषभाऊंनी, कॅबिनेट फिरवलं आणि हसायलाच लागले. "ताई, दसरा जोरात झालेला दिसतोय!"

मी बघितलं. मागच्या जाळीवर हळदीचं एक बोट आणि त्याखाली कुंकवाचं एक बोट, वाळून घट्ट बसलेलं. झाकण उघडलं तर आत तळाशी तांदळाचे चार-पाच लाल दाणे!

माझं डोकं असं फिरलं! पंखा फिरत नव्हता, तेवढं माझं डोकं फिरलं.

"मग आता वॉरंटी?"

"पंखा काढून पाठवतो कंपनीकडं. पण ताई, ते तांदळाचं म्हणाल तर…"

"काही म्हणू नका! घरी जाऊन बघतेच मी एकेकाला!"

पंखा दुकानात ठेवला आणि पोट रिकामं झालेलं ते कॅबिनेट घेऊन परत आले. वाटेत ठरवलं, आज सोक्षमोक्ष. संध्याकाळी सगळ्यांना पडवीत बसवलं. मधोमध कॅबिनेट, पाठ लोकांकडं. हातात माझी फुटपट्टी.

"हा पुरावा! बोला, कुणी केलं हे?"

दादा म्हणाले, "म्या ट्रॅक्टरला हार घातला. बास."

आई म्हणाली, "तुझ्या खोलीत त्या दिवशी मी केरसुनी बी नेली न्हाई, तुझ्या धाकानं."

काकू उसळली. "म्या लावलं आसतं तर म्होरून लावलं आसतं! चोरून लावायला मी काय तुला भिते व्हय?"

म्हणजे कुणीच केलं नाही. कुंकू आपण होऊन चालत आलं! मी फुटपट्टी कॅबिनेटवर आपटली. "ठीक आहे. बोटाचा ठसा आहे हा. मी प्रत्येकाचं बोट मोजणार. हात पुढं करा. आत्या सोडून सगळ्यांनी!"

आता जरा थांबते, कारण हे वाक्य तुमच्या नीट लक्षात यायला पाहिजे. मागच्याच महिन्यात मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय काय होता माहितीय? विधवांचा मान! बोलताना दोनदा माझा गळा दाटून आला होता. परीक्षक बाईंनी डोळे पुसले होते. आणि घरात कुंकवाचा संशय घ्यायची वेळ आली, तर मी आत्याला आधीच बाजूला काढून ठेवलं. विचार करूनसुद्धा नाही हो. सहज!

आत्यानं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "मला सोडून कशापायी?" ती म्हणाली आणि हात पुढं केला. "माझं बी मोज की."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला का? छे! मी म्हणाले, "अगं आत्या, तुझा काय संबंध? तू कशी लावशील?"

"मीच लावलंय."

आत्या खाली बघून बोलत होती. "समद्यांची हत्यारं पुजली. ह्या पोरीचंच तेवढं बिनपुजेचं ऱ्हायलं व्हतं. तिचं पोट चालायचंय त्याच्यावर. म्हणलं, मागल्या बाजूनं लावावं, कुणाला दिसायचं न्हाई."

कुणाला दिसलं नव्हतंच. मी ते उचलून आणून, पाठ फिरवून, अख्ख्या घराला दाखवलं.

मग काकू म्हणाली, "तरीच! नवीकोरी वस्तू, दिवाळी उलटून धा दिस न्हाई झालं तर बसली! असल्या हातानं पूजा झाल्यावर दुसरं काय व्हनार?"

आई म्हणाली, "जाऊबाई, आसं नगा बोलू." दादांनी पायातली चप्पल सारखी केली आणि गोठ्याकडं निघून गेले. आणि मी? भाषणाला तीन मिनिटांत टाळ्या घेणारी मी? माझ्या हातात फुटपट्टी होती. ती कुठं ठेवावी हे मला कळत नव्हतं.

आत्या उठली, ओलं फडकं आणलं आणि जाळी पुसायला लागली. हळद गेली, कुंकू गेलं, तरी ती पुसतच होती. मी म्हणाले, "राहू दे ना आत्या." ती म्हणाली, "कंपनीची मान्सं बघतील."

त्या दिवसापासून ती शेंगा चुलीपाशी बसून फोडायला लागली. माझ्या खोलीत आली नाही. काकूनं मात्र ही बातमी आळीभर केली. तिच्यापाशी पुरावाच होता ना. कुणी मिळवून दिला?

आठ दिवसांनी कॅबिनेट घेऊन दुकानात गेले. संतोषभाऊंनी नवा पंखा बसवून दाखवला. आवाज नाही की घरघर नाही.

"कंपनीनं घेतला? काही विचारलं नाही?"

"काय विचारणार? त्या मालातले सगळेच पंखे खराब निघालेत. माझ्याकडंच सात परत आले."

"आणि ते तांदूळ?"

"तांदूळ तळाला, पंखा वर. तांदूळ काय उड्या मारत जातात होय, ताई?"

"मग त्याच दिवशी सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

घरी येऊन मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. आत्याचा काही दोष नव्हता, माल खराब होता, सात पंखे परत आले! काकू म्हणाली, "दुकानदार गिऱ्हाइकाशी ग्वाडच बोलतो." आत्या म्हणाली, "बरं झालं बाय, बदलून दिला." पण शेंगा काही चुलीपासून हलल्या नाहीत.

पुढच्या दसऱ्याला मी ताट केलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. सगळ्यांच्या देखत आत्यापुढं धरलं. "चल आत्या. कॉम्प्युटरला तूच लावायचंस. समोरून."

तिनं पदराला हात पुसले. एकदा काकूकडं बघितलं, एकदा ताटाकडं.

"नगं गं. वारंटी जाईल."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. म्हणाले, "अगं, ती केव्हाच संपली!"

"मंग तर नगंच," ती म्हणाली. "आता बिघाडला तर कोण बदलून देनार?" आणि पुरण करपेल म्हणत आत निघून गेली.

मग पूजा केली कुणी? मीच. ताट हातात तसंच किती वेळ धरणार? हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता. पाठीमागं दादा, आई, काकू उभे.

दादा कौतुकानं म्हणाले, "बघा, आली का न्हाई आमची पोरगी वळनावर!"